गृहभेटीत मिळालेले गुण कमी करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्राणी नियंत्रण अधिकारी,
पाळीव प्राणी नोंदणी व नियंत्रण विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला
(जिन्याने, लिफ्ट बंद आहे)

विषय : 'बॉबिन' या कुत्र्याच्या प्रकरणी अर्जदाराच्या घरास संगोपनाबद्दल देण्यात आलेले सतरा गुण तेरापर्यंत खाली आणण्याबाबत.

संदर्भ : १) आपली 'कायमस्वरूपी व्यवस्था' या मथळ्याची नोटीस, दिनांक सहा.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) गृहभेट अहवाल, पृष्ठे चार.

महोदय किंवा महोदया,

(आपल्या दारावरची जुनी पाटी निघाली असून नवी अद्याप लागलेली नाही. खिडकीवर विचारले असता 'साहेब म्हणा, सगळ्यांना चालतं' असे सांगण्यात आले. चूक होत असल्यास माफी असावी.)

१. अर्जदार व्यवसायाने शिंपी आहे. बाजाररस्त्यावरील एका इमारतीत तळमजल्यावर त्याचे दुकान व दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याचे घर आहे. घरात अर्जदार, अर्जदाराची पत्नी आणि गेली सहा वर्षे बॉबिन, अशी तीन माणसे. मागच्या अर्जात कुत्र्याला माणसांत मोजल्याबद्दल लाल शाईची रेघ आली होती. ती मान्य आहे, पण बोलण्याची सवय एका रेघेने जात नाही, आणि आता या वयात अर्जदाराच्या फारशा सवयी जातील असे वाटतही नाही.

२. प्रकरण थोडक्यात असे. अकरा आठवड्यांपूर्वी मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका कोटाचे अस्तर बदलून घ्यायला दुकानात आल्या. सगळी इमारत त्यांना 'बाई' म्हणते, म्हणून या अर्जातही तसेच म्हटले आहे. बाईंच्या हातात मिटलेली छत्री होती. सगळ्यात वरच्या फळीवरचे कापड दाखवायला त्यांनी छत्री उचलली आणि म्हणाल्या, "ते निळं काढा बरं." अर्जदार स्टुलावर चढेपर्यंत बॉबिन मशीनखालून बाहेर आला आणि बाईंच्या मनगटाला चावला. पाच टाके पडले. अर्जदाराचा सगळा जन्म टाके घालण्यात गेला आहे, पण दवाखान्यातल्या बाकावर बसून हे पाच मोजताना त्याला दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बाईंनी तक्रार केली नाही. परंतु चाव्याचा कागद दवाखान्यातून आपोआप आपल्या विभागाकडे येतो, आणि एकदा निघालेला कागद कुणाच्या बापाचे ऐकत नाही, हे अर्जदाराला तेव्हापासून कळले आहे.

३. नोंदणीच्या वेळी 'जात' या रकान्यात अर्जदाराने 'मिश्र' असे लिहिले होते. बॉबिन हा कापडाच्या वखारीमागे चिंध्यांच्या ढिगात सापडलेला. त्याच्या आईबापांची चौकशी करायला अर्जदार गेला नव्हता. खिडकीवरच्या कारकुनांनी सांगितले की चावलेल्या प्राण्याला 'मिश्र' चालत नाही, धोकादायक जातींच्या यादीत ज्याच्याशी अधिक साम्य असेल तो क्रमांक टाकावा लागतो. यादीत अकरा जाती व अकरा चित्रे आहेत. त्यांनी बॉबिनचा फोटो एकेका चित्रावरून सरकवत नेला आणि सातव्यापाशी थांबवला. "जबडा बघा," म्हणाले. शेपटी अगदीच वेगळी आहे असे अर्जदाराने दाखवले, तेव्हा "शेपूट चावत नाही" असे उत्तर मिळाले. येणेप्रमाणे बॉबिन हा क्रमांक सात झाला.

४. त्यावर अर्जदाराने पहिला अर्ज केला. त्यासोबत बॉबिनची मापे जोडली होती : गळा पंधरा, छाती साडेचोवीस, कानाच्या टोकापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत साडेसात, वगैरे. आपल्या यादीतील चित्रावर पट्टी ठेवून त्याचीही मापे काढली होती, आणि कोणत्याच ठिकाणी दोघांचा मेळ बसत नाही हे दाखवले होते. मापात पाव इंचाची चूक निघाली तर धंदा सोडीन, असेही लिहिले होते. उत्तर आले : "मापे नोंदवली. साम्य कायम."

५. गल्लीत या विषयावर दोन पक्ष पडले. शेजारच्या केशकर्तनालयाचे मालक म्हणतात, "खाण तशी माती. रक्तात असतं ते, तुम्ही दूध पाजा नाहीतर मध चाटवा." समोरच्या इस्त्रीवाल्यांचे म्हणणे उलट पडले. ते म्हणाले, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." बोलताना त्यांनी इस्त्रीवरून नजर उचलली नाही. यातला ढवळ्या कोण, असे अर्जदाराने त्यांना विचारले नाही. त्या वेळी त्याला फक्त एवढेच सुचले की संगोपनाचा मुद्दा आपल्या बाजूचा आहे, तो लावून धरावा. म्हणून दुसरा अर्ज केला आणि नियम अकरा अन्वये गृहभेट मागितली.

६. गृहभेटीची तारीख आठ दिवस आधी कळवण्यात आली. अर्जदाराचे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून परीक्षा म्हटली की जास्त गुण चांगले, एवढेच त्याला ठाऊक होते. घराच्या भिंतींना त्याने चुन्याचा हात मारून घेतला. पाण्याची नवी वाटी आणली. बॉबिनला साबणाने दोनदा आंघोळ घातली. आठ दिवस अर्जदाराने आवाज चढवला नाही. सहाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाने कमरेत घट्ट झालेली पँट अर्जदाराच्या अंगावर टाकली, तेव्हाही अर्जदार "बघतो हं" एवढेच म्हणाला. त्या रात्री जेवताना पत्नी म्हणाली, "हे निरीक्षक दर आठवड्याला का येत नाहीत?" अर्जदार हसला. ती हसली नव्हती, हे त्याच्या लक्षात फार नंतर आले.

७. आपले निरीक्षक भले गृहस्थ आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, तरी सगळे घर त्यांनी वाकून पाहिले. प्रश्न वीस होते आणि एकूण गुणही वीसच, कारण काही प्रश्न नुसते नोंदीपुरते होते. बॉबिन पूर्ण वेळ त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून पडला होता. प्रश्न नऊ, 'प्राणी आज्ञाधारक आहे काय', यासाठी अर्जदाराने त्याला मशीनखाली जायला सांगितले. तो गेला आणि पुन्हा बोलावेपर्यंत तिथेच राहिला. निरीक्षकांनी दोनपैकी दोन गुण दिले. प्रश्न चौदा असा होता : 'घरातील कोणी प्राण्यास मारहाण करते अथवा पूर्वी केली आहे काय?' अर्जदार म्हणाला, "छे, छे." पत्नी त्याच वेळी पाणी आणायला आत गेली. एक तांब्या पाणी आणायला तिला बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर निरीक्षकांनी विचारले, "वहिनी, तुमचं काय म्हणणं?" ती म्हणाली, "ह्यांनाच विचारा. कुत्रा ह्यांचा आहे." या प्रश्नाला चारपैकी चार गुण मिळाले. निघताना निरीक्षकांनी सह्या घेण्यासाठी फाईल उंच धरून चाळली. बॉबिन तत्क्षणी जमिनीला सपाट झाला आणि त्याच्याखाली ओले झाले. ते निरीक्षकांना दिसले नाही. अर्जदाराला दिसले, आणि त्याने त्यावर पाय ठेवला.

८. अहवाल आला : वीसपैकी एकोणीस. घरामागच्या गॅलरीचा कठडा ठेंगणा म्हणून एक गेला होता. अर्जदाराने हे गुण गल्लीभर सांगितले. केशकर्तनालयाच्या मालकांना मुद्दाम जाऊन सांगितले. आयुष्यात इतके गुण त्याला कशातच मिळाले नव्हते.

९. सहा तारखेस आपली नोटीस आली व पाठोपाठ आपली गाडी येऊन बॉबिनला आपल्या केंद्रात घेऊन गेली. नियम अकराचा उरलेला भाग नोटिशीच्या मागच्या बाजूस छापलेला होता, तो अर्जदाराने तेव्हा प्रथम वाचला. संगोपनास पंधरा किंवा अधिक गुण असतील तर चावण्याचे कारण घरात नाही, सबब ते जातीत आहे असे समजावे व प्राण्याची कायमस्वरूपी व्यवस्था करावी. पंधराहून कमी असतील तर कारण संगोपनात आहे असे समजावे, प्राण्यास शिकवून अन्य योग्य कुटुंबाकडे सोपवावे, आणि मूळ मालकास पुन्हा प्राणी पाळण्यास मनाई करावी. कायमस्वरूपी व्यवस्था म्हणजे काय, हे अर्जदाराने खिडकीवर विचारले. कारकुनांनी आधी मागे कोणी उभे आहे का ते पाहिले आणि मग हळू आवाजात सांगितले, "सुई." ही व्यवस्था येत्या तीस तारखेस सकाळी अकरा वाजता ठरलेली आहे.

१०. मग अर्जदार गुण कमी करून मागण्याच्या मागे लागला. कारकून म्हणाले, "वाढवून मागायला रोज चार जण येतात. कमी करून मागणारे तुम्ही पहिलेच. त्याचा फॉर्मच नाही." म्हणून साध्या कागदावर तिसरा अर्ज केला. त्यात अर्जदाराने स्वतःच्या घराची जमेल तेवढी बदनामी केली. दुपारी गॅलरी तापते. दुकानातला रेडिओ मोठा असतो. मशीनची घरघर सतत कानावर पडते. अर्जदार घोरतो. बॉबिनच्या जेवणाची वेळ सणासुदीच्या गर्दीत चुकते. अर्जदाराने असे अठरा दोष लिहिले आणि सगळे खरे होते. अठरा तारखेस उत्तर आले : गॅलरी व जेवणाची वेळ या दोन बाबी ग्राह्य, दोन गुण वजा, एकूण सतरा. घोरण्याबाबत 'मानवी स्वभाव' असा शेरा होता.

११. सतरातून अजून निदान तीन जायला हवेत. अठरा दोष लिहून झाले होते, एकोणिसावा लिहिला नव्हता.

१२. बाईंनी छत्री उगारली होती असे पत्र त्यांच्याकडून घ्यावे, म्हणून अर्जदार वर गेला. बाईंनी डाव्या हाताने पत्र लिहून दिले. ते सोबत आहे. अक्षर वाकडे आहे, कारण जखम मध्ये चिघळल्याने उजव्या मनगटाचे बँडेज अजून निघालेले नाही. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तो मला चावलाच नाही. तो छत्रीला चावत होता, मनगट मध्ये आलं." मग पत्र पुढे सरकवत म्हणाल्या, "बत्तीस वर्षं वर्गात काढली मी. फळ्याकडे बोट करायला हात वर केला तरी डोळे घट्ट मिटणारी मुलं असतात. अशा मुलाच्या घरी मी एकदा जाऊन यायचे." अर्जदार उठायला लागला, तेव्हा त्यांनी विचारले, "तुमची ती पट्टी अजून आहे का हो? वरती ऐकू येतं सगळं. मी आधीच खाली यायला हवं होतं. माझीही चूक आहे त्यात." अर्जदाराने चपला घातल्या आणि जिना उतरला. एवढी वर्षे भिंतीच्या आत झालेले भिंतीच्या आतच राहिले, असे त्याला वाटत होते.

१३. आता प्रश्न चौदाचे खरे उत्तर लिहितो. वाचणाऱ्यास त्रास झाल्यास इलाज नाही.

दुकानात सागवानी लाकडाची एक पट्टी आहे, दोन्ही टोकांना पितळ लावलेली, अर्जदाराच्या वडिलांची. बॉबिन चार महिन्यांचा असताना त्याने एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटाची बाही चावून फाडली. उद्यावर लग्न आले होते. अर्जदाराने हातात होती ती पट्टी वापरली. त्या दिवशी कारण होते असे म्हणता येईल. पण एकदा हात उठला की त्याला कारण लागतेच असे नाही. गिऱ्हाईक बोलून गेले, पट्टी. वीज गेली, पट्टी. काज करायचे मशीन अडकले, तेव्हाही पट्टीच. बॉबिन बहुतेक वेळा काही न करता मशीनखाली झोपलेला असे. ओरडतही फारसा नसे. ओरडला की जास्त बसते, हे त्याला लवकर कळले असावे. आपल्या केंद्रातील डॉक्टरांनी केलेल्या तपासणीत, फाईलच्या नवव्या पानावर, 'डावीकडील बरगडी जुनी मोडून सांधलेली, कारण अज्ञात' अशी नोंद आहे. कारण अज्ञात नाही. ते अर्जदाराला महिन्यासकट ठाऊक आहे. तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी अर्जदाराच्या पायाशी येऊन बसला.

दोन वर्षांपूर्वी हे थांबले. दया आली म्हणून थांबले, असे लिहायला अर्जदाराला आवडले असते. उजवा खांदा धरला म्हणून थांबले. त्यानंतर पट्टी नुसती उचलली तरी काम होत असे, आणि अर्जदार लोकांना अभिमानाने सांगत असे की कुत्रा किती शिस्तीचा आहे बघा. तेव्हा प्रश्न नऊचे जे दोन गुण आज्ञाधारकपणाबद्दल मिळाले, ते खरे तर प्रश्न चौदाच्याच खाती जातात. तेही काढून घ्यावेत. तेरा पुरेसे आहेत, तरी अकरा हा आकडा अधिक बरोबर आहे.

पत्नीवर अर्जदाराने कधी हात टाकला नाही. पण पट्टी टेबलावर आपटली की ती आतल्या खोलीत जायची आणि आवाज शांत होईपर्यंत बाहेर यायची नाही. हे संगोपनात मोजायचे की नाही, ते आपण ठरवावे. अर्जदाराला मूलबाळ नाही. शेजारपाजारचे म्हणत, बॉबिन हेच तुमचे लेकरू. एकदा कोणी असे म्हणून गेल्यावर पत्नी कणीक मळता मळता म्हणाली, "एक आहे तेवढं पुरे. दुसरं नाही झालं ते बरं झालं." अर्जदाराने ते ऐकले नाही असे दाखवले.

१४. अर्जदाराच्या वडिलांचा हातही असाच चालायचा, त्यांच्या वडिलांचाही चालत असे म्हणतात. नातेवाईक कौतुकाने सांगत, घराण्यातच राग आहे यांच्या. आता हे जातीत धरायचे की संगोपनात, याचा अर्जदाराने गेले काही दिवस कात्री बाजूला ठेवून विचार केला. वडिलांकडे पाहिले की वाटते, रक्तच तसे. मग आठवते की धाकटा भाऊ त्याच घरात, त्याच पट्टीखाली वाढला, आणि त्याने आजवर माशीही मारली नाही. आपल्या विभागाला अकरा चित्रे आणि वीस प्रश्नांत याचा निकाल लागतो, ही मोठी गोष्ट आहे. अर्जदाराला साठाव्या वर्षी लागलेला नाही. एवढे मात्र समजले की भाऊ अर्जदारासारखा झाला नाही, म्हणजे अर्जदारालाही तसे व्हायलाच हवे होते असे नव्हते. रागाला घराण्याचे नाव देणे सोयीचे होते, म्हणून दिले.

१५. बॉबिनच्या बाबतीत मात्र शंका ठेवायला जागा नाही, कारण पुरावा आपल्याच केंद्रात आहे. गेल्या दोन रविवारी अर्जदार तिथे भेटीस गेला होता. पिंजऱ्यांची साफसफाई पाहणारे राखणदार पहिल्या रविवारी म्हणाले, "तुमचा कुत्रा फार अदबीचा. मी लांब गेल्याशिवाय ताटाला तोंड लावत नाही. आणि झाडू उचलला की भिंतीला चिकटतो, दात दाखवतो." मग त्यांनी अर्जदाराकडे जरा जास्त वेळ पाहिले. त्यांनी त्या दिवसापासून बॉबिनच्या पिंजऱ्यात उभ्याने झाडणे बंद केले. ते उकिडवे बसून फडक्याने पुसतात, झाडू आडवा जमिनीवर ठेवतात आणि त्याला हुंगू देतात. दुसऱ्या रविवारी अर्जदाराने स्वतः पाहिले : राखणदार झाडू हातात घेऊन उभे होते, आणि बॉबिन त्यांच्या पायांमधून पलीकडे गेला. कान मागे होते, पण गेला. जे सहा वर्षांत घातले ते एका आठवड्यात एका माणसाने थोडे उसवले. क्रमांक सातच्या रक्तात असते तर ते उसवले नसते. उसवणे आणि फाटणे यातला फरक सांगण्याइतका अर्जदार आपल्या कामात नक्कीच तरबेज आहे.

१६. हा मजकूर लिहायचा की नाही, यात अर्जदाराचे चार दिवस गेले. प्रत्येक वेळी कागद घेतला की बाहेर कोणी तरी गिऱ्हाईक येई, आणि आले की त्याला बरे वाटे. काल पत्नीने समोर कागद आणून ठेवला आणि दुकानाची फळी लावून टाकली. म्हणाली, "खरं लिहा. त्याला लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही लिहा." अर्जदार म्हणाला की मग तो आपल्याला परत मिळणार नाही, नियमात तसे आहे. त्यावर ती म्हणाली, "मला माहीत आहे. नियम मी तुमच्या आधी वाचलाय." तिचे डोळे लाल होते. त्याच्यासाठी ताटातला शेवटचा घास बाजूला काढून ठेवायची सवय तिची अजून गेलेली नाही. रोज तो घास सकाळी टाकावा लागतो.

१७. सबब नम्र विनंती की,

प्रश्न चौदाचे चार गुण रद्द करावेत व ही आक्रमकता संगोपनजन्य असल्याची नोंद घ्यावी. संगोपन कोणी केले, या रकान्यात 'कुटुंब' असे न लिहिता एकट्या अर्जदाराचे नाव लिहावे, कारण पत्नी बॉबिनला कधी उणा शब्दही बोललेली नाही. मनाईचा आदेश तिच्या नावावर येऊ नये. उद्या तिला मांजर पाळावेसे वाटले तर तिला पाळता यावे.

तीस तारखेची व्यवस्था रद्द व्हावी. हा अर्ज आपल्यासमोर जाण्यास सहा दिवसांहून अधिक लागणार असतील, तर खिडकीवरच्या कारकुनांनी तो हातोहात वर नेण्याचे कबूल केले आहे, त्यांना त्याबद्दल बोलू नये.

बाईंनी बॉबिनला आपल्याकडे ठेवून घेण्याची तयारी दाखवली आहे. ज्या हाताला तो चावला त्याच हाताने त्याला भरवीन, असे त्या म्हणतात. परंतु त्या अर्जदाराच्याच इमारतीत राहतात, आणि जिन्यावर अर्जदाराचे पाऊल वाजले की तो मशीन शोधेल. त्यांना नकार द्यावा, अर्जदाराला तो देता आला नाही. केंद्रातले राखणदारही त्याला घरी न्यायला तयार आहेत, आणि त्यांचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. घरात त्यांची आई आणि दोन मुली आहेत, आणि आवाज चढवायची कुणाला सवय नाही असे ते म्हणतात. तपासणी आपण कराच. जी व्यक्ती त्याला नेईल तिच्यासमोर निरीक्षकांनी एकदा फाईल डोक्याच्या वर धरून पाहावी आणि त्या वेळी कुत्र्याकडे न बघता त्या माणसाकडे बघावे. तो खाली वाकून कुत्र्याला जवळ घेत असेल, तर बाकीचे एकोणीस प्रश्न विचारले नाहीत तरी चालतील.

नव्या घरी सांगण्यासाठी थोडे : तो दूध पितो, पण कोमट. गडगडले की त्याला अंधाऱ्या जागेत जाऊ द्यावे, ओढून काढू नये. नाव बदलायचे असल्यास बदलावे.

नियमाप्रमाणे होणारी मनाई, दंड व अन्य जी कारवाई असेल ती अर्जदारास मान्य आहे. त्याविरुद्ध तो अर्ज करणार नाही.

१८. शेवटची एक गोष्ट. बॉबिनला नव्या माणसांच्या ताब्यात देतील त्या दिवशी, नियमात असले तरी, अर्जदारास सहीसाठी केंद्रावर बोलावू नये. सही अर्जदार आधी करून देईल. कारण दोन्ही रविवारी अर्जदार जाळीपाशी गेला तेव्हा बॉबिन धावत आला, जाळीतून नाक बाहेर काढले आणि शेपटी हलवू लागला. तो अजूनही अर्जदाराला पाहून शेपटी हलवतो. ते पाहून आपल्या निरीक्षकांनी पुन्हा गुण वाढवू नयेत.

आपल्या निकालाची वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार, शिंपी
दिनांक : चोवीस

साक्षीदार : अर्जदाराची पत्नी
(मजकूर वाचला. आहे तसाच आहे. बरगडीच्या वेळी तो दोन दिवस जेवला नाही असे वर लिहिले आहे, ते चार दिवस होते.)
(सही)